बाबांच्या रेकॉर्डरचं लाकूड

बाबा गेल्यावर त्यांचा रेकॉर्डर, म्हणजे ती उभी धरून फुंकायची विलायती बासरी, माझ्याकडे आला. त्याला बारीक चीर गेली होती. दुरुस्ती करणारा म्हणाला, "आधी लाकूड कुठलं ते सांगा."

सुतारानं नखानं खरवडून शिसव म्हटलं. वखारवाल्यानं हातात तोलून बघितलं आणि म्हणाला, "छे, खैर!" तिसऱ्यानं नुसता वास घेऊन परत दिला. एवढ्याशा लाकडाचं नाव कुणालाच सांगता येऊ नये?

घरी येऊन मी आईवरच चिडलो. "बाबांनी कधी सांगितलं नाही?"

"तुलाच सांगायला यायचे रे," आई म्हणाली. "तू अभ्यासाचं निमित्त काढून दार लावून घ्यायचास."

आता कुणावर चिडायचं, ते मला कळेना.