दोघांनी वाचायचा आकडा

"तुझं तू बघ, माझं मी बघतो," असं म्हणत काका आपला कागद डाव्या पंजाखाली झाकायचे. परीक्षेत हुशार मुलं झाकतात ना, अगदी तसं. मला हसू यायचं.

ऐंशीच्या दशकात कोलशेतच्या एका लहानशा कारखान्यात आम्ही विमानांसाठी हवेचा दाब मोजणारे सेन्सर तपासायचो. त्यावरूनच वैमानिकाला आपली उंची कळते. काचेच्या हंडीत नग ठेवायचा, हवा कमी करत जायची आणि काटा कुठे थांबतो ते लिहायचं. आधी काका वाचणार, मग मी. नात्यातले नव्हेत; वयानं मोठे म्हणून सगळे त्यांना काकाच म्हणायचे. दोघांचे आकडे जुळले तरच शिक्का. "विमानात पण दोन बसवतात. एकावर भरवसा ठेवायचा नसतो," काका सांगायचे. खाडीकाठच्या कोळीवाड्यातला माणूस, विमानात जन्मात पाय ठेवलेला नाही; पण डोक्यावरून विमान गेलं की मान वर करून म्हणायचे, "बरोबर उंचीवर हाय." कशावरून, देव जाणे.

मी मात्र पक्का आळशी. काका हात धुवायला गेले की त्यांचा कागद टेबलावर राहायचा. मी सरळ त्यावरून आकडे उतरवायचो. काकांचं कधी चुकत नाही, मग परत कशाला डोळे फोडायचे? वर्षभर असंच चाललं.

काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, हे कुणालाच माहीत नव्हतं. काटा एक रेघ सरकला तरी त्यांना दिसत नव्हता.

मग एक पेटी परत आली. सहा नग उंची चुकीची दाखवत होते. नशीब, विमानात बसवण्याआधीच गिऱ्हाइकाच्या लक्षात आलं. साहेबांनी आमचे दोघांचे कागद शेजारी शेजारी ठेवले. सहाही नगांचे आकडे चुकीचे, आणि दोन्ही कागदांवर तेच.

"दोघं एकच चूक कशी करता?" साहेबांनी विचारलं.

काका माझ्या कागदावर बराच वेळ वाकून राहिले. त्यांना कळलं. मग म्हणाले, "साहेब, मला हल्ली नीट दिसत नाय. मीच याला आकडे सांगायचो. याची चूक नाय."

मी तोंड उघडलं नाही. नवीन लग्न, डोंबिवलीत भाड्याची खोली. कारणं काय, ढीगभर होती. आजही लाज वाटते.

काकांनी त्याच दिवशी काम सोडलं. गेटपाशी सायकल काढताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "दिसत नव्हतं रे, पण मी निवांत होतो. वाटायचं, माझं चुकलं तर तू पकडशील."

सहा महिन्यांत ते गेले. दिवसकार्य झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. काकींनी चहा दिला आणि विचारलं, "नक्की काय झालेलं तिथं? ते शेवटपर्यंत बोललेच नाय."

या वेळी मी सगळं सांगितलं. "चूक दोघांची होती, काकी. माझी जास्त."

त्यांनी माझा रिकामा कप उचलला. मग अगदी काळजीनं म्हणाल्या, "मंग तुमाला कामावरनं कवा काढला?"

मला तिथूनच कारखान्यात दुसऱ्या पाळीला जायचं होतं.