नवरंगासाठी झाडलेलं रान

औंढ्याजवळच्या तांड्यावरचा रतनसिंग सतरा वर्षं जंगलखात्यात रोजंदारीवर होता, पण तोरा असा, की सागाची झाडं त्यालाच विचारून पानं गाळतात. आपण कायम व्हायचं, हे एकच खूळ त्याच्या डोक्यात. त्यापायी त्यानं साहेबांची दळणं वाहिली, त्यांच्या कुत्र्याला अंघोळी घातल्या.

एक गोष्ट मात्र त्याला खरी ठाऊक होती. मे सरत आला, रोहिण्या लागल्या, की तो राखायचा त्या नाल्यात नवरंग पक्षी यायचा. हिरवी पाठ, निळे खांदे, पोटाखाली कुंकू सांडल्यागत लाल, अन् शेपूट म्हणाल तर नावाला. सकाळ-संध्याकाळ दोन सुरांची शीळ घालायचा. बाकी दिवसभर सागाच्या पाचोळ्यात टुणटुण उड्या मारत एकेक पान उलटायचा, किडे-गांडुळं वेचायचा. कुणी हजेरी मांडत नसताना एवढं काम त्या रानात तोच करी.

दोन हजार दोन साली, हिंगोली जिल्हा नवानवा असताना, मोठ्या साहेबांचा निरोप आला. रविवारी नवरंग बघायला येतो. जो दाखवील त्याचं नाव कायमच्या यादीत धाडतो.

तेव्हा गावोगाव स्वच्छतेचं वारं होतं. साहेब यायचे म्हटलं की रस्ता झाडायचा, दगडाला चुना फासायचा, हे सगळ्यांच्या अंगात मुरलेलं. रतनसिंगच्या जरा जास्तच. पाखरू पाचोळ्यात दडलं तर साहेबांना दिसणार कसं? त्यानं तांड्यावरच्या आठ बाया लावल्या अन् दोन दिवसांत अख्खा नाला खराट्यानं अंगणासारखा लख्ख केला. दगडांना चुना दिला. सडाही घालणार होता, पाणी पुरलं नाही.

बायको जिवनबाई कमरेवर हात ठेवून बघत होती.

"त्याचं ताटच उचललं तुमी. आता पाव्हणा जेवंल कशावर?"

"साहेबांपुढं घाण बरी दिसंल का? तुला न्हाई कळायचं."

रविवारी साहेब आले, बाईसाहेब आल्या, दुर्बिणी आल्या. दोन तास बसले. पलीकडच्या न झाडलेल्या उतारावरून एकदा शीळ आली अन् थांबली. रतनसिंग आपला "येऊन राहिला साहेब, येऊन राहिला" म्हणत होता. आला तो एक सरडा. चुना बघून तोही माघारी गेला.

साहेब उठले. सतरा वर्षं पाण्यात गेली असं धरून रतनसिंग दुर्बिणी गोळा करू लागला. तेवढ्यात बाईसाहेब म्हणाल्या, रान किती छान ठेवलंय.

"कोणी झाडलं हे?" साहेबांनी विचारलं.

"म्या, साहेब."

साहेबांनी वहीत नाव टिपलं. दिवाळीच्या आत हुकूम आला अन् रतनसिंग कायम झाला: हिंगोलीच्या कचेरीत, झाडूवाला. तांड्यावर पेढे वाटले. तिकडं तो आता कडुनिंबाचं पान भुईला टेकू देत नाही म्हणतात.

नाल्यावर त्याच्या जागी कुणी नेमलंच नाही. पुढच्या रोहिण्यांपर्यंत पाचोळा चांगला घोटाभर साचला, अन् नवरंग आला. जिवनबाईनं डोळे भरून पाहिला. नवऱ्याला मात्र कळवलं नाही. न जाणो, रजा काढून खराटा घेऊन यायचा.