गेनबांची विलायती मोटार

गुंजवण्यात शेळ्यांचा व्यापार करणाऱ्या गेनबांनी भंगारातली एक जुनी विलायती मोटार आणली आणि रोजच्या कामाला जुंपली. टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलं, खडकाळ वाटेसाठी स्प्रिंगचे पाटे उंच केले, मागची सीट काढून गोणपाट अंथरलं.

परवा राजगड उतरून आलेला पुण्याचा एक जुन्या मोटारींचा शौकीन ती बघून कळवळला. “अहो, हिच्यात मूळचं काही ठेवलंत का?”

गेनबा उखडले. “मूळचं समदं व्हतं तवा चाळीस वर्सं जाग्यावरनं हलली न्हाई. आता रोज शेळ्या घिऊन येल्ह्याला जाती. तुमच्याकडं हाय का असली?”

“आहे ना. अगदी मूळ रूपात. झाकून ठेवलीय.”

“मग हितं कशानं आलात?”

“एसटीनं,” शौकीन ओशाळला. “परतीची चुकली.”

“बसा मागं,” गेनबा म्हणाले. “शेळ्यांना सरकायला सांगतो.”