वैनीची ऊन भाकर

चुलीसंगं उभा दावा मांडलेली बाई आष्टीच्या सगळ्या बाजारात एकच होती, ती म्हंजी आमची मोठी वैनी. लोकांचं भांडण बांधावरून असतं, वैनीचं चुलीवरून. जाता-येता चुलीकडं अशी बघायची, जशी काय सवतच पाय पसरून बसलीय. घरात खाणारे आम्ही म्हंजी दादा, दोन लेकरं, एक सालगडी आन् बिनलग्नाचा मी. मी एकटाच दोघांचं खायचो, त्यामुळं माझं लग्न झाल्यासारखंच होतं. थापणारे हात मात्र वैनीचे दोनच. आन् बाईचं मागणं काय? सोनं न्हाई, लुगडं न्हाई. म्हणायची, "भावजी, मला एक डाव तुमच्या पंगतीत बसून ऊन ऊन भाकर खायचीय. लग्न होऊन आल्यापून पह्यली भाकर मी थापली आन् शेवटची मी खाल्ली, तीबी गार." दादा हसायचा. मीबी हसायचो, आन् हसता हसता म्हणायचो, "वैनी, अजून एक!"

त्या एका ऊन भाकरीपायी वैनीनं सैपाकातला येळ चोरायला सुरुवात केली. उन्हाळ्यात एकदाच ज्वारी, डाळी, धने, मसाला भाजून-दळून येसराचा डबा भरून ठेवायची. मंग वर्षभर आमटी म्हंजी फोडणीत पाणी, पाण्यात मूठभर येसर, खलास. पाव्हणा पाय धुऊन येईस्तोर आमटीला उकळी! न्हाणीचं पाणी तापायचं त्याच इस्तवात ती वांगी भाजायला टाकायची. दादा आंघोळ करून आला की त्याच्या अंगाला भरताचा वास यायचा, आन् गावातले लोक उगंच त्याच्या मागं मागं फिरायचे. एक दिवस मी कामसूपणा करायला गेलो, न्हाणीची चूल साफ केली, आन् जळके कोळसे म्हून चांगली चार वांगी उकिरड्यावर फेकून आलो. त्या दिशी आम्ही मिरचीसंग भाकर खाल्ली, आन् मिरचीपरीस वैनीची नजर तिखट होती.

तिची सगळ्यात मोठी करामत म्हंजी भुसाचं डालगं. तुरीच्या डाळीला एक उकळी आली की भगोनं उतरवायचं, भूस भरलेल्या बांबूच्या डालग्यात रोवायचं, वरून गोधडी दाबायची आन् बाईनं खुशाल शेतात जायचं. दुपारपस्तोर डाळ आपली आपण मऊ. सरपण वाचलं, येळ वाचला. पण मी उन्हातून दमून आलो, पाह्यली मऊ गोधडी, आन् दिलं बूड टेकून. पुढचं काय सांगू! मी बोंबलत अंगणात, भगोनं आडवं, डाळ कुठं कुठं. वैनी दारात येऊन म्हणती, "भावजी, शिजलं का?" मी म्हणलं, "डाळीचं इच्यारता का माझं?" ती म्हणती, "डाळ तर शिजलेलीच होती."

एकदा वैनी राजूरच्या गणपतीला गेल्ती. जाताना बजावून गेली, "बिलकुल सोप्पं करून ठेवलंय. एक गाठीच्या फडक्याचा डबा येसराचा, दोन गाठीचा शिकेकाईचा." आता मी शाळेत गेलो न्हवतो, पण दोनपस्तोर मोजता येतं असा माझा समज होता. नेमके वडीगोद्रीचे दोन पाव्हणे टपकले. मी जल्दी जल्दी फोडणी दिली, पाणी वतलं, मूठभर भुकटी सोडली. आमटीला असा फेस आला की पाव्हणे बघतच राह्यले. मी म्हणलं, "ताजी हाय म्हून." थोरल्या पाव्हण्यानं दोन घोट घेतले, डोळे मिटले आन् म्हणला, "पोटातून न्हाऊ घातल्यासारखं वाटून राह्यलंय." वैनी आली, ऐकून हसता हसता खाली बसली. मंग हसू थांबलं तशी म्हणली, "एवढं सोप्पं केलं तरी तुम्हाला आमटी येईना. मंग माझी ऊन भाकर कुठून यायची?"

खरी अडचण तीच होती. आमटी आली, डाळ आली, भरीत आलं, भाकर काही वैनीच्या हिकमतीला बधंना. आधी करून फडक्यात बांधून ठेवल्या, तर दादा म्हणला, "वाफेनं नरम पडल्या." मंग तिनं सगळ्यांना मिळून एकच भाकर थापली. ती तव्याभायेर लोंबकळली आन् अर्धी चुलीत गेली. सालगडी म्हणला, "मालकीणबाई, ही भाकर न्हाई, घोंगडं हाय." त्यात दुष्काळ पडला, रेशनची लाल मिलो ज्वारी आली. तिच्या पिठाला चिकटपणा म्हून न्हवता. भाकर हातातच तुटायची, अन् वैनी तुकडं जोडीत चुलीपुढं आधीपरीस जास्तच बसायची. त्या साली तिनं ऊन भाकरीचं नावबी काढलं न्हाई. ते मला काही बराबर वाटलं न्हाई.

म्हून मी शेतातल्या आखाड्यावर, बैलाच्या गोठ्यापाशी जाऊन गुपचूप चिखलाच्या भाकरी थापायला लागलो. सालगड्यानं पाह्यलं, म्हणला, "धाकले मालक, मडकी घडवून राह्यलात का?" मी म्हणलं, "न्हाई, सैपाक करून राह्यलो." तो बिचारा चार दिवस माझ्याकडं जपून बघायचा.

पुढच्या साली नवी ज्वारी घरात आली, त्या दिशी मी परातीपुढं जाऊन बसलो. "वैनी, आज तुम्ही पंगतीत." वैनी म्हणती, "आन् थापणार कोण?" "मी." दादानं कपाळाला हात लावला. पह्यली भाकर बैलाच्या खुरासारखी झाली, दुसरी तळहाताला चिकटली ती सुटंना. वैनी लेकरांच्या मधी बसलेली, पाय कुठं ठेवावेत ते तिला कळंना. तवा चर्र म्हणला की ही अर्धी उठायची. मी वरडायचो, "बसा!" तिसरी मात्र एका बाजूनं का होईना, फुगली. टम्म! तशीच उचलून वैनीच्या ताटात टाकली. तिनं मोडली, वाफ आली. ती वाफ तिनं जराशी बघितली आन् मंग घास घेतला.

"वैनी, जमली का?"

"मधी कच्ची हाय," ती म्हणली, आन् सगळी खाल्ली. मंग आमच्यावानीच ताट पुढं सारून म्हणली, "भावजी, अजून एक!"

त्या दिशी शेवटची गार भाकर मी खाल्ली. काय सांगू, लई चांगली लागली. भूकच तेवढी लागली होती.

आता वैनी न्हाई. भाकर मी अजून थापतो, अजून खुरासारखीच होती. तव्यावरून पह्यली उतरली की हात आपसूक उजवीकडं जातो, त्या दिशीपून तिथं वैनी बसायची. मंग ती मीच खातो, तोंड भाजलं तरी ऊन ऊनच. गार होऊ दिली तर ती वरून म्हणायची, "भावजी, एवढंबी जमलं न्हाई का?"