हाकांची वही आणि एक काहील

गेवराईहून आमची बैलगाडी निघाली तेव्हा तिच्यात सरकारी दप्तर, माझी नवी कोरी छत्री आणि मी एवढाच ऐवज होता. यातले दप्तर तेवढे जसे गेले तसे परत आले. छत्री गंगेला मिळाली, आणि माझे काय झाले ते पुढे येईलच.

या प्रवासाचे मूळ आमच्या तहसीलदारसाहेबांच्या वर्तमानपत्रात होते. समुद्रातल्या आगबोटींवर आता बिनतारी यंत्रे बसवतात, प्रत्येक बोटीला स्वतःची हाक ठरवून देतात आणि ती वहीत नोंदून ठेवतात. बोट संकटात सापडली की नुसत्या हाकेवरून ती कुठली, कुणाची, आत माणसे किती हे काठावरच्यांना कळते, असे साहेबांनी त्यात वाचले. दोन दिवस ते वर्तमानपत्र त्यांच्या हातातून सुटले नाही. तिसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाले, "मुन्शीजी, समंदर के जहाज़ को पुकार है, तो हमारी गोदावरी की नाव को क्यों नहीं?"

प्रश्न मला विचारला होता, म्हणून काम माझ्याच गळ्यात पडले. साहेबांची तळमळ मात्र खरी होती. मागच्या सालच्या पावसाळ्यात आमच्या तालुक्यातली एक नाव पुरात सुटून वाहत गेली. खालच्या गावांनी ओरडणे ऐकले, पण नाव कुठल्या घाटाची आणि धावायचे कुठे हे कुणालाच उमगले नाही. म्हणून आता नवी वही. नावेचा प्रकार, मालक, घाट, माणसे किती बसतात, आणि शेवटी 'हाक'. हाक पलीकडच्या काठाला ऐकू गेली पाहिजे आणि दुसऱ्या नावेसारखी नसली पाहिजे. जिची नोंद नाही तिला पुढच्या पावसाळ्यापासून उतारू नेण्याची मनाई.

पहिला मुक्काम चकलांब्याला पडला. पाटलांनी बाजरीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि वरून लसणाची फोडणी असे वाढले. मी तिसरी भाकरी घेतली तेव्हा त्यांनी कामाची चौकशी केली.

"आमच्या गावाला गंगा न्हाई, नाव न्हाई. मंग सरकारनं तुमाला हितं कावून धाडलं?"

"जेवायला," मी म्हणालो.

"मंग बराबर धाडलं," असे म्हणून त्यांनी चौथी वाढली.

दुसऱ्या दिवशी गंगाथडी लागली (गोदावरीला इकडे सगळे गंगाच म्हणतात, आणि तिच्या काठच्या पट्ट्याला गंगाथडी). कार्तिक सरत आला होता. पाणी निवळले होते, पण पायी पलीकडे जाण्याइतके ओसरले नव्हते. काठाने काळीभोर जमीन, तिच्यात कोवळी ज्वारी, मधूनच एखादा उसाचा मळा. असे पाहिले की कचेरीतल्या माणसाला उगाच शेतकरी व्हावेसे वाटते. दुपारच्या उन्हात ते वाटणे जाते.

पहिल्या घाटावर दगडू भोई भेटला. त्याची नाव चांगली लाकडी, ऐसपैस. हाकेसाठी त्याने शिंग काढले आणि असे फुंकले की आमचे बैल गाडीसकट पळाले. ते धरून आणण्यात अर्धा दिवस गेला. संध्याकाळी मी वहीत 'हाक साफ' असे लिहिले, तर दगडू रुसला.

"साफ? नुस्तं साफ? मुन्शीजी, बैल पळाले ह्ये बी लिवा की."

पुढच्या घाटावरचा नावाडी कोल्ह्यासारखा ओरडायचा. हाक छान होती. अडचण एवढीच की खरी कोल्हीही तिला ओ देत. त्याला मी दुसरी हाक शोधायला आठ दिवसांची मुदत दिली. असे करत करत सात नावा वहीत चढल्या आणि मला वाटू लागले की समुद्रावरच्या साहेबलोकांनी माझ्याकडून चार गोष्टी शिकाव्यात.

आठव्या घाटावर नाव दिसेना. पाण्याकडेला एक प्रचंड लोखंडी काहील (गूळ शिजवण्याची कढई) तेवढी होती, आणि तिच्या काठावर एक बाई बसली होती. चाळिशीची, काटक, आवाज पार बसलेला. तिचे नाव गयाबाई.

"नाव कुठाय?" मी विचारले.

"ही काय, म्होरं हाय की."

"बाई, हे भांडं आहे. वहीत भांड्याला रकाना नाही."

"चार म्हैने भांडं, चार म्हैने नाव," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "तुमी बी कचेरीत मुन्शी आन् घरी नवरा आसताच न्हवं?"

काहील तिच्या भावाची, नामदेवची. पलीकडच्या काठाला लागूनच त्याचा मळा आणि गुऱ्हाळ होते. थंडीत काहील चुलाणावर चढायची आणि यंदाच्या पावसाळ्यापासून बहिणीकडे होती, कारण बहिणीची स्वतःची नाव उरली नव्हती. मागच्या साली वाहून गेलेली ती नाव हिच्याच नवऱ्याची, आणि नवराही तिच्याबरोबरच गेला, हे मला तिथे कळले.

"म्या काठाकाठानं वरडत पळत गेलते, पार खालच्या खडकापातुर," ती म्हणाली. "लोकास्नी वाटलं, कुणाची म्हस सुटली. गळा तितंच ऱ्हायला बगा."

मी खाली मान घालून दौतीत उगाच टाक बुडवत राहिलो.

"नोंद न्हाई झाली तर म्या खावं काय, मुन्शीजी?"

मी म्हणालो, प्रकाराचे मी बघतो, पण हाकेचे काय? नियमात हाक आहे आणि तुम्हाला तर आवाज नाही. तिने काहिलीतून लांब दांड्याचा झारा उचलला आणि काहिलीच्या कडेवर हाणला. ठण्ण. पलीकडच्या झाडावरचे बगळे उडाले.

मग तिने खुलासा केला. दोन ठोके, दम, पुन्हा दोन ठोके म्हणजे जीव अडकला आहे, धावा. हे तिने पलीकडे सगळ्यांना बजावून ठेवले होते. मात्र काहील सारखी ठणठण वाजली तर त्याचा अर्थ वेगळा, आणि तो बापजाद्यांपासून चालत आलेला: काकवी तयार आहे, भांडी घेऊन या. मी दोन्ही गोष्टी नीट लिहून घेतल्या. लिहिलेले लक्षात राहते असा माझा तोवर समज होता.

खात्री करायला मी काहिलीत बसलो. मला पोहता येत नाही, आणि हे मी तिला सांगितले नाही. मध्यावर ऊन लागू लागले म्हणून मी छत्री उघडली. एवढेच मी केले. वारा छत्रीत शिरला, काहील जात्यासारखी गरगर फिरली, गयाबाईच्या हातातला बांबू गाळात रुतला तो तिथेच राहिला आणि आम्ही पुढे निघालो. खालच्या खडकाच्या दिशेने.

"छत्री मिटा," ती म्हणाली. तोवर छत्री स्वतःच गेली होती.

गयाबाईने एक फळी घेऊन पाणी मारायला सुरुवात केली आणि झारा माझ्याकडे फेकला. "वाजवा."

माझी पाचावर धारण बसली होती. दोन ठोके, दम, हे सगळे मी स्वच्छ अक्षरात लिहिलेले होते, पण ते वहीत होते आणि वही माझ्या बुडाखाली. मी झारा दोन्ही हातांनी धरला आणि जीव खाऊन बडवत सुटलो. दम नाही, थांबणे नाही.

पलीकडच्या काठावर माणसे दिसू लागली. बायका, पोरे, म्हातारे, हसत खिदळत, हातात घागरी, कळश्या, तपेली. सारा गाव काकवी न्यायला आला होता.

मी ओरडलो. त्यांनी हात हलवले.

मग नामदेवची नजर काहिलीवर गेली असावी. त्याने शेजारच्या बाईच्या हातातली तांब्याची घागर ओढून पालथी केली, छातीखाली धरली आणि थेट पाण्यात उडी घेतली. त्याच्यामागे आणखी दहाबारा गडी, तसेच, घागरी पोटाशी धरून. त्यांनी काहिलीला गराडा घातला आणि पाय मारत मारत तिला काठाकडे रेटले. दोर आणायला मळ्यात गेले असते तर आम्ही खडकावर असतो. मोकळ्या घागरी हातात होत्या म्हणूनच ते लगेच पाण्यात उतरू शकले.

काठावर एका आजोबांनी काहिलीत डोकावून पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

"काकवी कुटं हाय?"

सगळे हसले. मीही हसलो, बुडता बुडता वाचलेल्या माणसाला जेवढे हसता येते तेवढे. गयाबाईला मी म्हणालो, बाई, हाक चुकली माझी, माफ करा. ती ओल्या पदराने तोंड पुसत होती. पुसता पुसता ती रडू लागली.

"चुकीची का आसंना," ती म्हणाली. "आले न्हवं समदे."

तेव्हा मला फार लाज वाटली. छत्रीची नव्हे. सात घाटांवर मी शिंगे आणि आरोळ्या ऐकून 'हाक साफ' लिहीत आलो होतो, आणि ती ऐकून कोण धावते हे एकालाही विचारले नव्हते.

गेवराईला परतल्यावर साहेबांनी वही चाळली. आठव्या नोंदीवर त्यांचे बोट थांबले.

"मुन्शीजी, ये तो कढ़ाई है."

"जी हुजूर. मी तिच्यात बसून पाहिलं."

"पुकार पहुँचती है?"

मी काहीही न लपवता सगळे सांगितले. साहेब हसता हसता लोडावरून कलंडले. मग डोळे पुसून त्यांनी विचारले, "ग़लत पुकार पे भी पूरा गाँव आया?"

"सगळा गाव, हुजूर."

त्यांनी टाक उचलला. "लाइए, दस्तख़त कहाँ करना है?"

परवाना टपाल्याकडे न देता मी स्वतः घेऊन गेलो. मार्गशीर्ष लागला होता, नदी पायी उतरून जाता येत होती आणि काहील नामदेवच्या चुलाणावर चढली होती. गयाबाईने परवाना दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि पदरात बांधला. मग तिने झारा उचलून काहिलीच्या कडेवर सारखा वाजवला, कारण या वेळी काकवी खरोखरच तयार होती. वाटेने माणसे येऊ लागली. प्रत्येकाच्या हातात घागर होती आणि खांद्यावर दोर होता.