आपांचे पाच जांभळे गुलाब

शिरूरहून फोन आला तेव्हा मी खुटबावच्या घरी मेथी निवडत होते. पडद्यावर ‘आपा’ असं नाव दिसलं आणि मी ‘हॅलो’सुद्धा न म्हणता विचारलं, “कोणता फुलला?” दर हिवाळ्यात आपांचा फोन यायचा तो एवढ्यासाठीच. पण पलीकडे आपा नव्हत्या, त्यांची सून शबाना होती. म्हणाली, “मावशी, अम्मी गेल्या. पहाटं. झोपेतच.” या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. लिहायला बसले की रडू येईल असं वाटलं होतं, पण आपांची आठवण काढायची म्हटलं की आधी हसूच येतं. त्याला माझा इलाज नाही.

हमीदाआपांचं दौंडच्या बाजारपेठेत मॅचिंग सेंटर होतं. जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी खोली, आणि तिन्ही भिंतींना छतापर्यंत ब्लाऊजपीस. नव्वदच्या सुमारास मी दौंडच्या शाळेत शिक्षिका म्हणून नुकतीच लागले होते. भावाच्या लग्नाला घेतलेल्या जांभळ्या साडीवरचा ब्लाऊजपीस शोधत त्यांच्या दुकानात शिरले. आपांनी पाच पीस काढले, साडीला लावून पाहिले, आणि साडी उचलून सरळ रस्त्यावर जाऊन उन्हात उभ्या राहिल्या. “आत न्हाई बघायचं, बाई. ट्यूबलाईट खोटं बोलती.” उन्हात पाचही पीस चुकीचे निघाले. “लाल लालाशी जुळतो, हिरवा हिरव्याशी. जांभळा लई नखऱ्याचा. सकाळी येगळा, दुपारी येगळा. तुम्ही गुरुवारी या, मी पुण्याहून आणते.” आणि त्यांनी खरंच आणला. तो ब्लाऊज साडीशी इतका जुळला, की लग्नात नवरीच्या मावशीनं मला दुकानाचा पत्ता विचारला.

गुरुवारी पीस घ्यायला गेले ती त्यांच्याबरोबर घरी चहालाही गेले. त्यांचे यजमान सलीमभाई रेल्वेत फिटर, त्यामुळे राहायला रेल्वेचं क्वार्टर, आणि क्वार्टरपुढं तारेच्या कुंपणात गुलाब. तेव्हा सातच झाडं होती, पण सगळी जांभळ्याच्या घरातली. लाल नाही, पिवळा नाही. दुकानात ज्या रंगानं आपांना सतावलं, तोच रंग त्यांनी घरी आणून पाळला होता. नर्सरीवाल्यांची इंग्रजी नावं त्यांना पसंत नव्हती. “ब्लू मून म्हणं! निळाबी न्हाई आन् चंद्रबी न्हाई.” म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली होती. गर्द तो वांगी. गुलाबीकडे झुकणारा तो कांदा. पांढऱ्यावर जांभळी झाक असलेला, अगदी पाकळीच्या सालीसारखा, तो लसूण. राखाडी तो धूर. आणि फुलताना जांभळा, उतरताना फिका होत जाणारा, त्याला म्हणायच्या सासरवाशीण. त्यांचा निरोप आमच्या घरी कुणी घेतला तर गोंधळ व्हायचा. “दौंडच्या आपांनी सांगितलंय, कांदा फुटलाय, बघायला ये,” असं एकदा सासऱ्यांनी मला गंभीरपणे सांगितलं, आणि वर विचारलं, “भाव काय निघाला म्हंती?”

दहाएक वर्षांत सातांची सोळा झाडं झाली. मीही नादाला लागले. खुटबावच्या एका नर्सरीवाल्या मामांकडून डोळा भरून कलम करायला शिकले, चार महिने खपून एक जांभळा गुलाब तयार केला आणि आपांच्या वाढदिवसाला नेऊन दिला. त्याला पहिलं फूल आलं तेव्हा आपांनी ते उन्हात धरलं, बराच वेळ पाहिलं आणि नाव ठेवलं, आमसूल. मला ते फारच आवडलं.

मग सलीमभाई निवृत्त झाले. क्वार्टर सोडायचं होतं. मुलगा आसिफ रांजणगावच्या कंपनीत लागला होता आणि त्यानं शिरूरला घर घेतलं होतं. घराला अंगण नाही, फक्त गच्ची. सलीमभाईंनी हिशेबी माणसासारखं जाहीर केलं, “पाच ड्रम. सहावा ठेवला तर स्लॅबला वल येईल.” सोळातून पाच निवडायचे! आपा आठ दिवस धड जेवल्या नाहीत. शेवटी रविवारी सकाळी त्यांनी कॉलनीतल्या बायकांना बोलावलं, पोहे केले आणि प्रत्येकीला मत द्यायला सांगितलं. गार्डसाहेबांच्या बायकोपासून दूधवाल्या काकूंपर्यंत सगळ्यांनी वांगीला मत दिलं, कारण तोच लांबून दिसत होता. आपांनी सगळं शांतपणे ऐकलं. “मतं तुमची, निकाल माझा,” म्हणाल्या, आणि ब्लाऊजपीसच्या चिंध्या घेऊन उठल्या. ज्याला चिंधी बांधली तो शिरूरला.

लसूण. धूर. कांदा. सासरवाशीण. चार झाले. मी आमसुलाच्या शेजारी उभी होते, उगाच त्याचं एकेक पिवळं पान खुडत. आपा आमच्यापर्यंत आल्या, थांबल्या, फुलाकडे पाहिलं... आणि पुढं जाऊन पाचवी चिंधी वांगीला बांधली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी पोह्यांची बशी ठेवली आणि शाळेचं काम आहे असं सांगून निघाले. रविवारी कसलं शाळेचं काम? ते सगळ्यांनाच कळलं असणार.

उरलेल्या झाडांचं वाटपही आपांनी मॅचिंगसारखंच केलं म्हणे. तापट बाईला शांत रंग, अबोल बाईला भडक. मी ते पाहायला गेले नाही. सामान हललं त्या दिवशीही गेले नाही. तीस मुलांना पाढे शिकवणारी बाई एका झाडावरून रुसून बसली, हे लिहिताना आज लाज वाटते.

पंधरा दिवसांनी दुपारी आमच्या दारात रिक्षा थांबली. आपा उतरल्या. कडेवर जुन्या क्वार्टरपुढून उकरून आणलेलं, गोणपाटात बांधलेलं आमसूल, साडीभर माती.

“घे. तुझं झाड.”

मी म्हटलं, “नको होतं तर टाकून द्यायचं.”

“टाकीन कशाला? चांगलं जोमदार हाय. पर रंग मळका हाय, मंगल.” ओसरीवर बसत त्यांनी पाणी मागितलं. “तुझं मन राखायला नेला असता, तर रोज पाणी घालताना तुझ्यावर चिडले असते. तुला चालंल?”

मी पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यापुढं ठेवला.

“धा वर्षं माझ्या मॅचिंगवर इस्वास ठेवलास न्हवं? कवा चुकले का? मग ह्याच्यावरबी ठेव.”

“नाव तर कौतुकानं ठेवलं होतं,” मी म्हटलं.

“आमसूल कौतुकाचं असतंय व्हय गं?” असं म्हणून त्या हसायला लागल्या, आणि मग मलाही आवरेना. सासूबाई आतून पाहायला आल्या तर आम्ही दोघी डोळे पुसत होतो. त्या दिवशी आम्ही ते झाड विहिरीजवळ लावलं. रंग मळका तो मळकाच राहिला. पण आपा माझ्याशी खोटं बोलणार नाहीत, हे त्यानंतर मला पक्कं ठाऊक झालं. मुलीसाठी आलेलं पहिलं स्थळही मी आधी त्यांनाच दाखवलं. त्यांनी ते उन्हात नेऊन पाहिलं असावं, कारण तासाभरात ‘न्हाई’ म्हणाल्या, आणि ते बरोबर निघालं.

त्यानंतर दर जानेवारीत मी दौंडहून एस.टी.नं शिरूरला जायची. गच्चीवर चहा, आणि पाचांतून यंदाचा पहिला नंबर कोणाचा यावर वाद. आपांचं मत दरवर्षी फिरायचं. ज्या वर्षी धूर पहिला, त्याच्या पुढच्या वर्षी त्याला त्या ‘आजारी’ म्हणायच्या.

गेल्या आठवड्यात पुन्हा गेले. या वेळी शबानाला भेटायला. सलीमभाई खाली निजले होते, म्हणून आम्ही वर गेलो. पाचही ड्रमांना फुलं होती. आणि जिन्याच्या मागं, कोपऱ्यात, सहावी कुंडी. तिच्यात गुलाब, तोही भगभगीत केशरी.

“हे गं काय?”

शबाना ओशाळली. “मला आधीपासनं आवडतो, मावशी. अम्मी होत्या तवर आणायची हिंमत न्हवती. आता आणला, पर ह्यांच्या शेजारी ठिवायला मन होईना. म्हणून कोपऱ्यात.”

अकरा वाजले होते. बोलता बोलता ती उठली, दोरीवरून एक जुनी ओढणी घेतली आणि ड्रमांच्या वर ताणून बांधायला लागली. जांभळा रंग तापल्या उन्हात उडतो, म्हणून आपा रोज अकराला सावली करायच्या. मी दुसरं टोक धरलं. पाच ड्रम झाकून झाले. मग शबाना कोपऱ्याकडे पाहत थांबली.

“अम्मींनी ह्याच्यावर ओढणी घातली असती का?”

मी विचार केला. “घातली असती,” म्हटलं. “तोंड फिरवून.”

शबाना खुदकन हसली, आणि दुसरी ओढणी आणायला खाली गेली.