डिझेल स्वस्त, कायदा तोच: बिद्री ते निपाणी

निपाणीला फिरायला म्हणून कोल्हापुरातून कोणी जात नाही. डिझेल भरायला जातात, लग्नाला जातात, फार तर डोसा खायला. आम्ही दोघी गर्भपाताचा कायदा शोधायला गेलो होतो. हसू नका, आमचा हिशोब तेव्हा अगदी बरोबर वाटत होता.

माझी मामेबहीण बिद्रीला दिलेली. तिला इथे वंदाक्का म्हणू. नाव बदललंय, आणि लिही असं तिनंच बजावलंय. दोन मुली, थोरली बारावीला. आणि या वयात साधन फसलं, दुसरा महिना लागला. अक्काचं ठरलं होतं, आता नको. पण सासूबाई गेली दहा वर्षं नातवाची वाट बघत बसलेल्या. दाजींना सांगावं तर त्यांच्या पोटात काही राहत नाही, संध्याकाळपर्यंत आईला कळणार. म्हणून गुपचूप कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात गेली, तर काउंटरवरची बाई म्हणाली, नवऱ्याची सही आणा.

दुसऱ्या दिवशी मला फोन. "गाडी काढ. कर्नाटकात जाऊया. तिकडं सही लागत नसंल."

"कशावरून?"

"अगं, डिझेल तिकडं स्वस्त. बायकांना बस फुकट. आन मोबाईलवर बघितलं की मी, अमेरिकेत बायका ह्यासाठी ह्या राज्यातनं त्या राज्यात जात्यात. राज्य बदललं की कायदा बदलतोय."

इतक्या ठामपणे बोलली की मीही मान डोलावली. सीमेवर वाढलेल्या माणसाला पलीकडे सगळंच वेगळं वाटतं.

अक्काच्या घरी सांगितलं, जोतिबाला चाललोय. आता जोतिबा कोल्हापूरच्या वर आणि निपाणी बिद्रीच्या खाली, म्हणजे थाप मारायची तर तीही उलट्या दिशेची. शिवाय जोतिबाहून कोरडा परतलेला माणूस कोणी पाहिलाय? म्हणून मी गुलालाची पुडी आधीच डॅशबोर्डमध्ये टाकून ठेवली. परतताना कपाळाला फासायचा, केसांत उधळायचा, काम फत्ते.

जाणाऱ्यांसाठी: कोल्हापूरहून हायवेनं गेलात तर टोल आहे. आम्ही गेलो ती वाट बिद्री, मुधाळतिट्टा, मुरगूड करत निपाणीला उतरते. टोल नाही, खड्डे भरपूर. उसाच्या ट्रॉलीमागे अडकलात तर हॉर्न वाजवू नका, पुढच्याला ऐकू जात नाही, त्याची गाणी चालू असतात. अक्का वाटभर गप्प होती. सीमेची पाटी मागे पडली तशी पदर सावरून म्हणाली, "आता बोलाय हरकत न्हाय."

दवाखाना बाजाराच्या मागच्या गल्लीत. काउंटरवरच्या बाईनं अक्काकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "यजमान कुठं हाईत? सही लागती की."

मला हसू आवरेना. अक्काचा चेहरा मात्र पार उतरला. एवढे खड्डे खाऊन आलो आणि इथेही तेच. तेवढ्यात आतून डॉक्टरीणबाई आल्या. पन्नाशीच्या, कानडी वळणाचं मराठी. त्यांनी आधी काउंटरवरच्या बाईला झापलं, मग आम्हाला आत बसवलं.

"कोणी सांगितलं तुम्हाला, इथं वेगळा कायदा आहे म्हणून?"

"डिझेल..." अक्का पुटपुटली.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले, इतक्या हसल्या. मग नीट समजावलं. हा कायदा दिल्लीचा, देशभर एकच. बाई सज्ञान असेल तर तिची संमती पुरते, नवऱ्याची सही कायद्यात कुठेच नाही. बाहेर कोणाला कळवायचं नाही हेही कायद्यातच आहे. "पुन्हा तपासणीला यावं लागतं, म्हणून घराजवळच करा. आणि कोणी सही मागितली तर विचारा, कुठं लिहिलंय ते दाखवा."

अक्का बाहेर आली ती ताठ चालत. "भूक लागल्या," म्हणाली. स्टँडजवळ लोणी डोसा खाल्ला. दोघींचं पोटभर होऊन कोल्हापुरातल्या एका मटण ताटापेक्षा कमीत भागलं. शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ सोबत्याला मोठ्यानं सांगत होते, दिल्लीवाल्यांना काय कळतंय, सगळे कायदे ज्या त्या राज्यानं ठरवावेत.

अक्कानं डोसा खाली ठेवला. "पावणं, बाईच्या पोटाचं बी?"

"आं?"

"न्हाय, मुरगुडात बाई एक आन निपाणीत दुसरी असती काय?"

पाहुण्यांनी चहा बशीत ओतला आणि विषय उसाच्या दरावर नेला.

परतताना मी मुद्दाम काडी घातली. म्हटलं, "समज, राज्यांनीच ठरवलं असतं आणि कर्नाटक जास्त मोकळं निघालं असतं, तर तुझं काम आज झालं नसतं का?"

"माझं झालं असतं. मला तू हाईस, गाडी हाय. आमच्या गोठ्यात कामाला येती ती शेवंता कशी जायची?"

"आणि उद्या दिल्लीनंच कडक केला तर? मग पळायलाही राज्य उरणार नाही."

"त्ये बी हाय," अक्का म्हणाली. "पर मग सगळ्याच बायका एकदम वरडतील की. आता मी एकटीच वरडत होतो."

बिद्री आली. मी गुलालाची पुडी काढली. तिनं माझा हात मागं ढकलला. "ऱ्हाऊ दे. लागणार न्हाय."

दाजी दारातच. "झालं दर्शन? गुलाल कुठाय?"

"जोतिबाला गेलतो न्हाय. निपाणीला गेलतो."

"डिझेल भराय?"

अक्कानं तिथंच, उभ्यानं, सगळं सांगितलं. मी गाडीत बसून काचा वर घेतल्या, पण पूर्ण नाही. दाजी म्हणाले, "मला इचारायचं तर."

"इचारत न्हाय. सांगाय आलोय."

पुढच्या आठवड्यात कोल्हापूरच्या त्याच दवाखान्यात गेलो. गाडी दाजींनी चालवली. सासूबाईंना आजतागायत पत्ता नाही, दाजींनी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी पोटात ठेवलं. गुलालाची पुडी अजून माझ्या डॅशबोर्डमध्ये आहे, खड्डा आला की थोडी सांडते.

काउंटरवर तीच बाई. तिनं सवयीनं कागद दाजींपुढे सरकवला, वर पेन ठेवलं. अक्का बोलायला तोंड उघडणार, तोच दाजींनी कागद उचलला आणि तिच्यापुढे ठेवला.

"माझी कशाला? तिला येती की सही."